प्रश्न तुमचे: कोथरूडची मुलगी आणि रोमच्या भिंती

मागच्या अंकात या सदरात मी ऑस्तियाच्या वीटकामावर लिहिलं होतं. ऑस्तिया म्हणजे तिबेर नदीच्या मुखावरचं प्राचीन रोमचं बंदर. माझ्या पीएच.डी.चा विषय तिथल्याच भिंती होत्या. त्या लेखावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा गेली आहे, कारण तो प्रश्न मलाही याच शहरात विचारला गेला होता.

प्रश्न: मॅडम, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. प्राचीन रोमन वास्तूंवर संशोधन करायचं असं मनात पक्कं आहे. बाबा म्हणतात, 'रोमचं रोमवाले बघतील, तुला तिथे कोण विचारणार? आणि परत आल्यावर इथे नोकरी कोण देणार?' आईचं म्हणणं, संशोधनच करायचंय तर आपल्याकडे काय कमी आहे? मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर: आधी तुझ्या बाबांना नमस्कार सांग. मुलीच्या पोटापाण्याची काळजी त्यांनी नाही करायची तर कोणी करायची? नोकरीच्या प्रश्नावर मी येतेच. पण 'रोमचं रोमवाले बघतील' हे मला मुळीच मान्य नाही.

मी पुरातत्त्वाचे पहिले धडे घेतले ते येरवड्याला, डेक्कन कॉलेजात. तिथली परंपरा ह. धी. सांकलियांची. ते १९३९ मध्ये तिथे रुजू झाले. त्याआधी लंडनला पीएच.डी. करताना ते मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली, इंग्लंडमधल्या मेडन कासल या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननावर काम शिकले. व्हीलर रोमन ब्रिटनचे अभ्यासक. व्हेरुलेमियम हे रोमन शहर त्यांनी खणलेलं. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन इथे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पुद्दुचेरीजवळ अरिकमेडूला उत्खनन केलं. तिथल्या थरांत इटलीतल्या अरेत्सोची तांबडी भांडी मिळाली. त्या भांड्यांचा काळ युरोपात आधीच ठरलेला होता, म्हणून त्यांच्यासोबत सापडलेल्या दक्षिण भारतीय खापरांनाही काळ देता आला. दक्षिण भारताच्या कालगणनेचा एक खुंटा असा रोमन मातीच्या भांड्यात रोवलेला आहे. रोमन भिंती मोजलेला माणूस इथे येऊन आपली टेकाडं खणू शकतो, तर कोथरूडच्या मुलीने ऑस्तियाची भिंत का मोजू नये?

आता काम काय असतं ते ऐक, कारण 'रोमन वास्तुकला' म्हटलं की डोळ्यांसमोर खांब आणि पुतळे येतात, आणि रोजचं काम तसं नसतं. १९४२ मध्ये रोमला एक जागतिक प्रदर्शन भरायचं होतं. युद्धामुळे ते भरलंच नाही. पण त्याच्या तयारीत, १९३८ ते १९४२ या काळात, ऑस्तियाचा फार मोठा भाग घाईघाईने उघडा केला गेला. माती उपसून टाकली, थरांच्या नोंदी अगदी तुटपुंज्या राहिल्या. त्यामुळे आज तिथल्या एखाद्या घराचं वय विचारायचं, तर उत्तर द्यायला मुख्यतः भिंतच उरली आहे. ती बोलती करायची तर मोजावी लागते. विटांचे पाच थर आणि त्यांमधले पाच सांधे यांची मिळून उंची घ्यायची. तीही भिंतीवर अनेक ठिकाणी. विटांची लांबी-जाडी, रंग, चुन्यात मिसळलेल्या राखेचा रंग, परांचीची भोकं किती अंतरावर आहेत, सगळं टिपायचं. एकाच भिंतीत ही मापं मध्येच बदलली की समजायचं, इथे काम थांबलं होतं, किंवा दुसरी टोळी आली, किंवा पन्नास वर्षांनी कोणीतरी दार बुजवलं.

रोमन विटेची भिंत आतून विटेची नसते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झाले होते. चौकोनी वीट कर्णावर कापून तिचे त्रिकोण करायचे, लांब बाजू दर्शनी ठेवायची आणि टोक आत घुसवायचं. दोन्ही बाजूंच्या या कातडीमधला गाभा चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडांचे तुकडे यांचा. त्रिकोणाची टोकं त्या गाभ्यात दातांसारखी रुततात. आणि काही विटांवर शिक्के असतात! कोणाच्या जमिनीतली माती, भट्टी कोणी चालवली आणि कधीकधी त्या वर्षीचे कॉन्सल, म्हणजे वर्षापुरते नेमलेले रोमचे सर्वोच्च अधिकारी, कोण, हेही. इसवी सन १२३ च्या कॉन्सलांची, पेतिनुस आणि अप्रोनियानुस यांची नावं असलेल्या विटा रोममध्ये ढिगांनी सापडतात. भट्ट्यांच्या मालकांत बायकाही होत्या. सम्राट मार्कुस ऑरेलियुसची आई दोमितिया लुकिला ही त्यांतली मोठी मालकीण. तिचं नाव असलेली वीट पहिल्यांदा हातात आली, तो दिवस मला अजून आठवतो.

एक लक्षात ठेव: शिक्का विटेचं वय सांगतो, भिंतीचं नाही. विटा साठवल्या जात, जुन्या पाडकामातल्या पुन्हा वापरल्या जात. भिंत शिक्क्याहून जुनी असू शकत नाही, नवी मात्र खुशाल असू शकते.

तुझ्या आईचं म्हणणं मला पटतं, फक्त मी त्यातून वेगळा निष्कर्ष काढते. विट्रुवियुस या रोमन वास्तुतज्ज्ञाने आपल्या दहा भागांच्या ग्रंथात लिहून ठेवलंय की, नदीची किंवा समुद्राची वाळू वापरायची असेल तर तिच्यात एक तृतीयांश भाजलेल्या विटांची-खापरांची चाळलेली पूड घालावी, चुना चांगला धरतो. आपल्याकडच्या जुन्या गवंड्याला हे सांगायला जा, तो म्हणेल, 'म्हणजे सुरकी की!' नेपल्सच्या आखाताजवळच्या पुत्झुओलीला ज्वालामुखीची मोकळी राख मिळते. ती चुन्यात मिसळली की चुना पाण्याखालीही घट्ट होतो. हेरोद राजाने सिझेरियाचं बंदर बांधलं तेव्हा ही राख जहाजांनी थेट पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यापर्यंत नेली गेली. आपला दख्खनही ज्वालामुखीचाच, पण इथल्या गवंड्याच्या हाताशी होता तो टणक काळा दगड. म्हणून त्याने विटेची पूड घेतली. गडांवर चुन्याच्या घाण्या तू पाहिल्या असशील. त्या चुन्यात काय पडत होतं आणि ऑस्तियाच्या चुन्यात काय पडत होतं, हे दोन्ही स्वतःच्या हातांनी तपासलेली किती माणसं तुला ठाऊक आहेत? आईला सांग, लेणी आणि वाडे सोडायचे नाहीत, ते बरोबर घेऊन जायचं आहे.

आता नोकरी. केवळ रोमन वास्तुकला शिकवण्यासाठी असलेलं पद मी आपल्या देशात पाहिलेलं नाही. इटलीतही कायमच्या जागा थोड्या आणि रांग मोठी. मी परत आल्यावर जन्मभर शिकवलं ते मुख्यतः भारतीय वास्तू आणि जुन्या इमारतींचं जतन. रोमवरचे माझे लेख सुट्ट्यांत लिहिले गेले. मला त्याचं दुःख नाही, पण तुला ते आधीच माहीत असावं. म्हणून पहिली गोष्ट, बी.आर्क. अर्धवट सोडू नकोस. पदवी घे, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी कर. चुन्याचं विश्लेषण, इमारतीची मोजणी, फोटोंवरून त्रिमित आराखडा बनवणं ही कौशल्यं रोमच्या भिंतीवर शिकलीस तरी इथल्या वाड्यावर, मंदिरावर चालतात, आणि त्याला पैसे मिळतात. त्यानंतर पुरातत्त्वात एम.ए. कर. इथे शिकवायचं असेल तर यूजीसीच्या नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. पीएच.डी. मात्र बाहेर करावी लागेल. इटलीत डॉक्टरेट साधारण तीन वर्षांची असते, प्रवेश जाहीर स्पर्धेतून होतो आणि काही जागा शिष्यवृत्तीसह तर काही तिच्याशिवाय असतात. शिष्यवृत्तीची जागा मिळाली तरच जा. बाबांचा फ्लॅट गहाण ठेवून जाऊ नकोस.

भाषांना आजच लाग. इटालियन लागणारच. जर्मनही लागेल, कारण रोममधली जर्मन पुरातत्त्व संस्था १८२९ पासूनची आहे आणि या विषयातलं पायाभूत लेखन त्या भाषेत पडलेलं आहे. पुण्यात जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. सबब चालणार नाही. लॅटिनचे पहिले धडे मी नगर रस्त्यावर राहणाऱ्या एका वृद्ध फादरांकडे घेतले. शाळेत संस्कृत होतं म्हणून विभक्त्यांची भीती वाटली नाही. तुझंही संस्कृत असेल तर अर्धी वाट झालीच म्हणून समज.

आणि या रविवारी टेप आणि वही घेऊन शनिवारवाड्यावर जा. तटाचा खालचा भाग दगडी आहे, वरचा विटांचा. हात पोहोचेल तिथे, तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून, पाच थर आणि पाच सांधे मोज. दहा ठिकाणी मोज. आकडे सारखे आले नाहीत तर का आले नाहीत, ते वहीत लिही आणि मला पाठव.

प्रश्न: आमच्या शाळेची सहल विजापूरला गेली होती. मुलांनी विचारलं, 'गोलघुमट मोठा की रोमचा पँथिऑन?' आणि लोखंडी सळई नसताना पँथिऑन इतकी वर्षं उभा कसा? मला नीट सांगता आलं नाही.
– शिक्षक, नारायण पेठ

उत्तर: गुरुजी, मुलांना सांगा की पँथिऑन, म्हणजे रोममधलं घुमटाचं प्राचीन देवालय, आतून ४३.३ मीटर रुंद आहे. १६५६ च्या सुमारास पूर्ण झालेला गोलघुमट आतून सुमारे ३८ मीटर आणि बाहेरून सुमारे ४४ मीटर. बाहेरून मोजलं तर आपला विजापूरचा घुमट अजिबात कमी नाही, आतल्या मोकळ्या अंतरात पँथिऑन पुढे. आणि दोघांचं कठीण गणित वेगवेगळं आहे. पँथिऑनचा घुमट गोल भिंतीवर बसलाय. गोलघुमटाखाली चौकोनी दालन आहे, आणि चौकोनावर वर्तुळ बसवण्यासाठी तिथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जी योजना केली आहे, तिच्याकडे मुलांना मुद्दाम बघायला लावा.

पँथिऑन उभा आहे तो वजनाच्या हिशेबामुळे. पायात चुना-राखेच्या गाभ्यात जड त्राव्हर्टिन दगडाचे तुकडे घातले. जसजसं वर गेलं तसतसे हलक्या टुफाचे (ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचे) आणि विटांचे तुकडे, आणि घुमटाच्या माथ्याजवळ छिद्राळ, अगदी हलका ज्वालामुखी दगड. खालची गोल भिंत सुमारे ६ मीटर जाड, माथ्याशी घुमटाची जाडी जेमतेम सव्वा मीटर. आतून दिसणारे चौकोनी खळगे पाच ओळींत आहेत, प्रत्येक ओळीत २८. मधोमध जवळजवळ ९ मीटरचं उघडं भोक. जिथे वजन सर्वांत घातक ठरलं असतं तिथे त्यांनी काही ठेवलंच नाही, फक्त कडेने विटांचं कडं बसवलं. ते चारी बाजूंचा दाब झेलतं. पाऊस आत पडतो, आणि जमिनीला त्यासाठी उतार व भोकं आहेत. घुमटाच्या खालच्या भागात उभ्या भेगाही आहेत. त्या दिसल्या की लोक घाबरतात. पण भेगांमुळे घुमट पाकळ्यांत विभागला गेला आणि त्या पाकळ्या माथ्याशी एकमेकींना टेकून कमानींसारख्या उभ्या आहेत. त्यांचा बाहेरचा रेटा खालची जाड भिंत पेलते.

मुलं मोठ्या वर्गातली असतील तर त्यांना एक तपासाची गोष्टही सांगा. पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवर 'आग्रिप्पाने बांधलं' असं लिहिलंय. आग्रिप्पा हा पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा जावई, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातला. शेकडो वर्षं लोकांनी ते खरं मानलं. १८९२ मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने इमारतीच्या वेगवेगळ्या भागांतल्या विटा तपासल्या, तर शिक्के निघाले दुसऱ्या शतकातले! आजचा पँथिऑन सम्राट हेड्रियनच्या काळात पूर्ण झाला. जुन्या, जळालेल्या इमारतीच्या जागी तो बांधला आणि मूळ बांधणाऱ्याचं नाव तसंच ठेवलं. पुढे त्याच विटा पुन्हा तपासल्या गेल्या आणि बांधकामाची सुरुवात हेड्रियनच्याही आधी, ट्राजनच्या कारकिर्दीच्या शेवटी झाली असावी, असं आता बरेच अभ्यासक मानतात. एवढी प्रसिद्ध इमारत, आणि तिच्या वयाचा प्रश्न अजून विटांवरून सुटतोय. मला हा विषय प्रिय आहे तो यासाठीच.

प्रश्न: पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून शहरात पाणी आणलं. रोममधल्या जलवाहिन्यांना उंच कमानी असतात, तशा आपल्याकडे का नाहीत?
– सेवानिवृत्त अभियंता, कात्रज

उत्तर: रोममध्येही बहुतेक ठिकाणी नाहीत. कमानी फोटोत येतात म्हणून आपल्याला त्याच माहीत असतात. रोमन जलवाहिन्यांची बहुतांश लांबी जमिनीखालून जाते. दरी किंवा सखल मैदान आडवं आलं तरच कमानी. आग्रिप्पाने ख्रिस्तपूर्व १९ मध्ये आणलेली आक्वा व्हिर्गो जवळजवळ सगळी भूमिगत आहे, आणि तिच्याच मार्गाचं पाणी आजही त्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्यात पडतं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास झालेलं कात्रजचं काम मला रोमन कामाच्या सख्ख्या भावंडासारखं वाटतं: झाकलेली चिरेबंदी वाहिनी, आत उतरून गाळ काढता येईल एवढी जागा, ठरावीक अंतरावर वर उघडणारी तोंडं आणि शेवटी शहरातले हौद. कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. उताराने पाणी न्यायचं, ते स्वच्छ ठेवायचं आणि वाहिनी दुरुस्त करता यायला हवी, एवढ्या तीन अटी घातल्या की शहाणा माणूस कुठेही याच उत्तरापाशी पोहोचतो. उताराचं काम किती नाजूक असतं ते आपण अभियंते असल्यामुळे जाणताच: फ्रान्समधल्या नीमची रोमन वाहिनी सुमारे ५० किलोमीटर लांब आहे आणि तिचा एकूण उतार अवघा १२-१३ मीटर.

आपल्याकडे कात्रज वाहिनीची जुनी मोजमापं, नकाशे असतील तर कृपा करून त्यांची प्रत एखाद्या संशोधन संस्थेला द्या. नव्या बांधकामांच्या पायाखाली ही वाहिनी ठिकठिकाणी तुटते आहे, आणि याची मला मनापासून चिंता वाटते.

प्रश्न: ताई, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. लहानपणापासून प्राचीन इमारतींचं वेड आहे. आता या वयात काही करता येईल का, की नुसतं वाचत राहायचं?
– वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर: तुम्हाला एस्थर व्हॅन डेमन माहीत असायला हव्यात. जन्म १८६२, अमेरिकेतल्या ओहायोचा. १८९८ मध्ये शिकागोहून पीएच.डी. घेतली आणि मुलींच्या कॉलेजांत लॅटिन शिकवत राहिल्या. त्यांनी रोमच्या बांधकामाचा ध्यास घेतला तो चाळिशी ओलांडल्यावर. १९०७ मध्ये रोमन फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, वेस्ता देवीच्या पुजारिणींच्या वास्तूत एक व्याख्यान चालू होतं. बाई ऐकत होत्या आणि बघत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की एक दार ज्या विटांनी बुजवलंय, त्या आजूबाजूच्या भिंतीतल्या विटांपेक्षा वेगळ्या आहेत. त्या वेळी त्या तुमच्याच वयाच्या होत्या. त्या निरीक्षणातून विटा आणि चुन्यावरून रोमन इमारतींचा काळ ठरवण्याची पद्धत उभी राहिली. १९१२ मध्ये त्यांनी ती मांडली. पद्धतीत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मी ऑस्तियात मोजलेल्या प्रत्येक भिंतीमागे त्यांची ती नजर होती. मग त्यांनी रोमच्या जलवाहिन्या अक्षरशः पायी पालथ्या घातल्या. त्यावरचा ग्रंथ १९३४ मध्ये निघाला, तेव्हा त्या सत्तरी पार केलेल्या होत्या. १९३७ मध्ये त्या रोममध्येच वारल्या. रोमन बांधकामाचा त्यांचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला. मेरियन ब्लेक या दुसऱ्या विदुषीने तो हाती घेतला. पहिला खंड १९४७ मध्ये आला, दुसरा १९५९ मध्ये, आणि तिसरा ब्लेकबाईही गेल्यानंतर, १९७३ मध्ये. या विषयाचा पाया बायकांनी असा एकमेकींच्या हातून घेऊन पुरा केला आहे.

तुम्ही नोकरी सोडू नका. संध्याकाळी लॅटिन सुरू करा, रोज अर्धा तास, शिलालेख वाचता येतील एवढं. रोमन शिलालेख ठरावीक साच्याचे असतात, त्यामुळे वर्षभरात आपलं आपल्याला वाचता येऊ लागतं. त्याचबरोबर पुण्यातला एकच वाडा निवडा, मालकांची परवानगी घ्या आणि त्याची पूर्ण नोंद करा: जोतं, भिंती, गिलावा, लाकूड, कुठे काय बदललं ते सगळं. वाडे भराभर पाडले जात आहेत, तुमची वही कदाचित त्या वाड्याची एकमेव नोंद ठरेल.

रोमला सहल कंपनीबरोबर गेलात तर एक सकाळ स्वतःसाठी मागून घ्या. पोर्ता सान पाओलो स्टेशनवरून ऑस्तियाची लोकल सुटते. आत गेल्यावर मुख्य रस्त्याने सरळ चाला आणि 'डायनाचं घर' म्हणतात ती अनेक मजली इमारत शोधा. दुसऱ्या शतकातले भाडेकरू कसे राहत, ते तिथे कळतं. भिंतीला हात लावू नका. फोटो काढताना विटांशेजारी छोटी फूटपट्टी धरा, मापाशिवायचा फोटो नंतर कामाला येत नाही.